काच निवताना

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं. कापूस, तूर, सोयाबीन. काचेचा विषय काढायला ही जागा सहसा कुणी निवडणार नाही. काचेला लागते ती पांढरी, गारेची वाळू. ती या मुलखात नाही. तरीही वितळलेल्या काचेची धार सोडून, थरावर थर चढवत वस्तू उभी करणाऱ्या नव्या यंत्राबद्दल लिहायचं तर सुरुवात याच काळ्या रानापासून करावी, असं मला वाटतं. त्या यंत्रापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न या रानाखालच्या खडकाने फार पूर्वी सोडवला होता, आणि उत्तर मात्र काचेच्या विरुद्ध बाजूचं दिलं होतं.

मराठवाड्याच्या मातीखाली बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भेगांमधून तप्त रस बाहेर आला, पसरला, निवला. त्यावर पुन्हा नवा रस आला. थरावर थर. या रसात निम्म्याच्या आसपास सिलिका होती. सिलिका हाच काचेचा मुख्य घटक. मग इथे काच न होता दगड का झाला? रस सावकाश निवला म्हणून. सावकाश निवताना अणूंना आपापल्या जागी बसायला वेळ मिळतो, त्यांचे स्फटिक बनतात, आणि स्फटिकांचा एकमेकांत गुंतलेला गोळा म्हणजे दगड. तोच रस झटकन निवला असता तर अणू होते तिथेच अडकले असते. काच म्हणजे रचना लावायला सवड न मिळालेला रस.

याचा पुरावा लांब नाही. जिंतूरच्या उत्तरेला, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. तिथलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर उल्कापाताने याच बेसॉल्टमध्ये पडलं. आघाताच्या उष्णतेने खडकाचा काही भाग वितळला, हवेत उडाला आणि जमिनीवर येईपर्यंत निवलासुद्धा. विवराभोवतीच्या उडालेल्या मालात संशोधकांना काळ्या काचेचे बारीक गोल मणी सापडले आहेत. खडक तोच, फरक फक्त निवण्याच्या वेगाचा.

काचेचं काम करणारा माणूस आयुष्यभर या वेगाशी झुंजत असतो, आणि आता यंत्रही त्याच झुंजीत उतरलं आहे.

यंत्र काय करतं?

प्लास्टिकचे थ्रीडी प्रिंटर आता कॉलेजच्या प्रयोगशाळांतही दिसतात. प्लास्टिकची तार दोनशे-सव्वादोनशे अंशांना मऊ करायची, बारीक तोटीतून सोडायची, आणि संगणकाने आखलेल्या वाटेने ती फिरवत वस्तू उभी करायची. काचेच्या बाबतीत हे करायला अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या, म्हणजे एमआयटीतल्या, लोकांना 2015 साल उजाडलं. नेरी ऑक्समन यांच्या गटाने तिथल्या काचशाळेचे प्रमुख पीटर हाउक यांच्या साथीने हे यंत्र उभारलं. पारदर्शक काच थेट रसातून छापता येते, हे त्या वर्षी त्यांनी दाखवून दिलं.

यंत्राची बांधणी ऐकायला साधी आहे. वर एक भट्टी, खाली एक भट्टी. वरच्या भट्टीतल्या मुशीत काच हजार अंशांच्या थोडी वर तापलेली असते. मुशीच्या तळाशी उष्णता सोसणाऱ्या मातीची तोटी. काचेची धार आपल्याच वजनाने खाली उतरते. त्या अवस्थेतली काच काकवीसारखी असते: धार धरते, वाकते, पण लगेच पसरत नाही. खालच्या भट्टीत वस्तू आकार घेत असते, आणि ही खालची भट्टीही धगधगती ठेवावी लागते. प्लास्टिकच्या यंत्राला अशा खालच्या भट्टीची गरज नसते. काचेच्या यंत्राचं मात्र तिच्यावाचून पानही हलत नाही.

पहिल्या यंत्रात धार सुरू करायला तोटीला बाहेरून आच द्यावी लागे आणि थांबवायला तिच्यावर गार हवेचा झोत सोडावा लागे. तोटीतली काच गोठली की धार बंद. म्हणजे या यंत्राचा नळही निवण्याच्या तत्त्वावरच चालायचा.

छापलेलं भांडं जवळून पाहिलं तर त्याच्या अंगावर आडव्या वळ्या दिसतात, प्रत्येक थराची एक. अशी प्रत्येक वळी हे एक वाकडंतिकडं भिंग असतं. भांड्याच्या आत दिवा ठेवला की भिंतीवर आणि जमिनीवर प्रकाशाच्या नक्षीदार रेघा उमटतात, आणि दिवा हलला की त्याही हलतात. फुंकलेल्या गुळगुळीत भांड्यात हे होत नाही. 2017 साली इटलीतल्या मिलान शहरातल्या प्रदर्शनात याच गटाने तीन मीटर उंचीचे छापील काचेचे खांब उभे केले. त्यांच्या आतून दिवा वरखाली फिरत होता आणि सगळं दालन प्रकाशाच्या जाळ्यांनी भरून जात होतं.

2024 साली याच संस्थेतून काचेच्या छापील विटा आल्या. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आकार, एकीत दुसरी अडकावी अशी खोबण. प्रयोगशाळेतल्या चाचणीत त्यातल्या मजबूत विटांनी काँक्रीटच्या ठोकळ्याच्या तोडीचा दाब सोसला. भिंत नको झाली की विटा सुट्या करा, वितळवा, दुसरं काहीतरी छापा, ही त्यामागची कल्पना. या विटांसाठी भट्टीत वाळू नव्हती. चुरलेल्या जुन्या काचेचा रस होता. झरीसारख्या ठिकाणी बसून विचार करताना सगळ्यात जास्त कामाची गोष्ट हीच वाटते. तिच्याकडे पुढे येऊ.

काच छापण्याचा दुसराही मार्ग निघाला आहे. 2017 साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी सिलिकेची अतिसूक्ष्म पूड द्रवात कालवली, प्रकाशाने थराथराने घट्ट केली आणि मग 1300 अंशांना भाजली. द्रवातला बाकीचा भाग जळून गेला, सिलिका सांधली आणि स्वच्छ काच उरली. बारीक, नाजूक कामाला ही रीत चांगली; पण ती जवळजवळ कुंभाराची रीत आहे: घडवा आणि भाजा. वितळलेल्या रसाशी थेट गाठ घेणारी रीत वेगळी, आणि या लेखाचा विषय तीच आहे.

बोस्टनहून तळेगावला

एमआयटी आणि महाराष्ट्राची काच यांची गाठ नवी नाही. ती शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे बांगडीपासून दिव्याच्या चिमणीपर्यंत बहुतेक काच परदेशातून यायची. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैशांतून 1908 साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. तो चालवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. मूळचे उत्तर हिंदुस्थानातले. काचेचं शिक्षण आधी जपानात आणि मग अमेरिकेत घेतलेले, आणि अमेरिकेतली ती संस्था म्हणजे एमआयटी.

एका पैशाच्या वर्गणीवर चाललेल्या कारखान्याचा प्रमुख त्या काळातल्या उत्तमांतल्या एका तंत्रशाळेतून शिकून आलेला होता, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. तळेगावचा कारखाना माल काढत होताच, पण त्याच्याइतकंच मोठं काम तो दुसरं करत होता: काचेचे कारागीर घडवत होता. तिथे शिकलेली माणसं पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत पसरली. 1914 साली महायुद्ध पेटलं, ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद झाला आणि देशी काचेला एकदम बाजार मिळाला. त्याच काळात, 1916 साली, कराडजवळ औंध संस्थानाच्या हद्दीत ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडलं, आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला.

गावात वीज येण्यापूर्वीच्या मराठवाड्यातही रात्र कंदिलावरच निघायची. कंदिलाची काच म्हटलं तर क्षुल्लक वस्तू. पण तिची परीक्षा विचारा. आतून ज्योतीची आच, बाहेरून पावसाळी वारा, आणि अवचित पाण्याचा एखादा थेंब. थेंब पडला की काच तडकायची. तापलेल्या काचेचा एवढासाच ठिपका निवतो, आक्रसतो. भोवतालची काच तापलेलीच असते, ती हलायला तयार नसते. त्या ओढाताणीत तडा जातो. घरातली म्हातारी माणसं पेटलेल्या कंदिलाला ओला हात लावू देत नसत, ते याच कारणाने. काचशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम त्या ताकिदीत आला.

बेलनावरची तार

काच छापण्याचं यंत्र नवं असलं तरी काचेची तार गुंडाळून वस्तू करणं फार जुनं आहे. काच फुंकण्याची कला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर निघाली. त्याच्या कितीतरी शतकं आधी इजिप्तमधले कारागीर मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच गुंडाळून कुप्या करत. गाभा मागाहून कोरून काढत. फुंकणी आल्यावर ही पद्धत मागे पडली. आजचं यंत्र एका अर्थी फुंकणीला वळसा घालून त्या जुन्या रीतीकडे गेलं आहे. फक्त मधला गाभा गेला आणि त्याच्या जागी संगणकातला आराखडा आला.

आपल्याकडे तर ही रीत कधी मोडलीच नाही. मराठवाड्यातला कासार ज्या काचेच्या बांगड्या भरतो त्या बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात. तिथल्या बेलन भट्टीत काय चालतं ते पाहण्यासारखं आहे. लाल काचेचा गोळा भट्टीतून काढतात, त्याची तार ओढतात आणि तिचं टोक फिरत्या दांड्यावर, म्हणजे बेलनावर, धरतात. बेलन फिरत राहतो आणि तार त्याच्यावर वळीला वळी लागून गुंडाळली जाते. ओढणाऱ्याचा हात जरा थांबला तर तार जाड होते, घाई झाली तर बारीक होऊन तुटते. निवल्यावर ती काचेची लांब स्प्रिंग उतरवतात, हिरकणीने एका रेषेत कापतात आणि एकेक वळी सुटी होते. मग घरोघरी, बहुतेक बायका, दिव्याच्या ज्योतीवर तिची उघडी टोकं जोडतात. त्याला जुडाई म्हणतात. वळ्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, हे बांगडीवाल्याचं कसब. वळ्या एकमेकींना घट्ट चिकटल्याच पाहिजेत, ही प्रिंटरवाल्याची गरज. बाकी हालचाल तीच: तप्त तार, ठरलेली गती, गोल फेरा.

त्या हालचालीची किंमत कोण मोजतं, हेही सांगायला हवं. भट्टीची धग, काचेची धूळ आणि नगावर मिळणारी थोडकी मजुरी, यांवर ही बांगडी स्वस्त राहते. काचेचा प्रिंटर चोहोबाजूंनी बंद पेटीत काम करतो. माणूस धगीपासून दूर उभा राहतो. यंत्राची नवलाई क्षणभर बाजूला ठेवली तरी एवढं श्रेय त्याला द्यावं लागेल.

दोन वेग

हातात फुंकणी असो, बेलन असो की संगणक, काचेपुढे सगळ्यांना एकच कसरत करावी लागते.

हजार अंशांचा रस खाली येताना मधल्या तापमानाच्या एका पट्ट्यातून जातो. तिथे तो रेंगाळला तर स्फटिक धरू लागतो. काच पांढुरकी होते, खडबडीत होते, स्फटिक तोटीतच धरले तर तोटी तुंबते. म्हणजे काच पुन्हा दगडाच्या वाटेला लागते, जी वाट दख्खनच्या रसाने घेतली. म्हणून हा पट्टा झपाट्याने ओलांडायचा.

पुढे साडेपाचशे अंशांच्या आसपास नेमकं उलटं होतं. इथे घाई केली तर काचेचा बाहेरचा भाग आधी निवून ताठ होतो, आतला मागाहून आक्रसतो, आणि ताण कायमचा आत कोंडला जातो. अशी वस्तू भट्टीतून सुखरूप बाहेर येते, टेबलावर दोन दिवस बरी दिसते आणि तिसऱ्या दिवशी कुणी हात न लावता फुटते. म्हणून इथे काच धरून ठेवायची, ताण विरू द्यायचा आणि मग बेताबेताने उतरवायची. शास्त्राच्या पुस्तकात याला अनुशीतन म्हणतात. दगड होऊ नये म्हणून घाई, तडकू नये म्हणून दिरंगाई. काचेचं सगळं शहाणपण या दोन वेगांच्या मध्ये आहे.

या दिरंगाईचा हिशोब जाडीवर चालतो. जाडी दुप्पट झाली की निववायला चौपटीच्या आसपास वेळ लागतो. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी 1934 साली पाच मीटर व्यासाच्या आरशाची काच ओतली गेली. ती निववायला सुमारे दहा महिने लागले. कॉर्निंग या अमेरिकन कंपनीच्या काच कारखान्यात ती ओतण्याचं काम चाललं दिवसाच्या हिशोबात आणि निववण्याचं महिन्यांच्या.

प्रिंटरची खालची भट्टी धगधगती का, ते आता कळेल. वरचा ताजा थर खालच्या निवलेल्या थरावर पडला तर कंदिलावर थेंब पडावा तसंच होईल. खालचा थर फार तापलेला राहिला तर तो वरच्या वजनाने बसेल. म्हणून खालच्या भट्टीचं तापमान अशा जागी धरायचं की आधीचा थर ताठ असेल, पण नव्याला नाकारणार नाही. वस्तू पुरी झाल्यावरही दार उघडायचं नाही. छापायला जेवढा वेळ लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ ती आतच निवत राहते. यंत्राने हाताचं काम उचललं; थांबण्याचं काम त्याला उचलता आलेलं नाही, आणि काचेच्या स्वभावामुळे ते कुणालाच उचलता येणार नाही.

वाळू नसलेल्या मुलखात

आता झरीच्या बाजूने विचार करू. काळ्या रानात नांगराला गारगोट्या लागतात. त्या म्हणजे बरीचशी शुद्ध सिलिकाच. पण गारगोट्यांवर कारखाना चालत नाही. नद्यांची वाळू बेसॉल्टच्या चुऱ्याची; तिच्यात लोह भरपूर. पांढऱ्या काचेच्या वाळूत लोहाचं ऑक्साइड 0.1 टक्क्याच्याही खाली लागतं. तशी सिलिका वाळू महाराष्ट्रात मिळते ती सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे-फोंडा भागात. सह्याद्री ओलांडून ती इकडे आणणं परवडणारं नाही.

वाळू नसली तरी या भागात काचकाम नवं नाही. तेर आणि भोकरदनच्या उत्खननांत सातवाहन काळातले काचेचे मणी मिळाले आहेत. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्या यादीत कच्ची काच आहे. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असंही त्यात लिहिलं आहे. काच एका मुलखात बनवायची आणि दुसऱ्या मुलखात वितळवून तिचे जिन्नस करायचे, हा व्यवहार दोन हजार वर्षांपूर्वीही रूढ होता. वाळू लागते ती काच बनवणाऱ्याला. काच घडवणाऱ्याला काचच पुरते.

आणि ती काच आज गावोगावी पडलेली आहे. बाटल्या जड, फुटक्या, भाव कमी. भंगारवाला त्या नाखुशीने उचलतो, कारण लांब नेण्याचं भाडंच डोईजड होतं. फुटकी काच वाळूपेक्षा कमी उष्णतेत वितळते. भट्टीतल्या मालात ती दर दहा टक्के वाढली की उष्णतेची अडीच-तीन टक्के बचत होते, असा कारखान्यांचा अनुभव आहे.

पण बाटल्या गोळा केल्या की झालं, असं नाही. वेगवेगळ्या काचा निवताना वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात. सरबताची साधी बाटली आणि प्रयोगशाळेतलं आच सोसणारं चंचुपात्र एका मुशीत टाकलं तर त्यांचा धड एक रस होत नाही आणि निवताना वस्तू तडकते. म्हणून निवड आधी: एका प्रकारची, शक्य तर एकाच कारखान्याची, एका रंगाची बाटली. हे काम यंत्राचं नाही, नजरेचं आहे.

दुसरी अडचण विजेची. छपाई ऐन भरात असताना वीज गेली तर तोटी गोठते आणि थर अर्ध्यावर राहतो. निववताना गेली तर भट्टीच्या भिंती किती जाड आहेत, यावर वस्तूचं नशीब ठरतं. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री असते, हे या भागात कुणाला सांगायला नको. ऊन भरपूर आहे, हे खरं. मार्कुस कायझर या तरुण जर्मन डिझायनरने 2011 साली इजिप्तच्या वाळवंटात मोठ्या भिंगाने ऊन एका बिंदूवर आणून वाळू वितळवली आणि थराथराने भांडं घडवलं. हाच कायझर पुढे एमआयटीच्या यंत्राच्या गटात होता. पण त्याचं भांडं खरबरीत, अपारदर्शक होतं, आणि उन्हाचा झोत निववण्याचं काम करत नाही. आपल्याला ऊन लागेल ते बॅटरीत साठवून, रात्रभर भट्टी हळूहळू उतरवण्यासाठी.

तिसरा प्रश्न सगळ्यात साधा: छापायचं काय? काचेच्या विटांचं घर परभणीच्या उन्हाळ्यात नको. जिथे एकच नग हवा आणि साचा परवडत नाही, तिथे प्रिंटरला अर्थ आहे: बाजारात मिळेनाशी झालेली जुन्या दिव्याची हंडी, प्रयोगशाळेतला वेगळ्या घाटाचा भाग, संग्रहालयातल्या वस्तूची प्रतिकृती, दारावरच्या झरोक्याची काच. हजार नग हवे असतील तर साचाच स्वस्त.

म्हणून कुणी उद्या मराठवाड्यात काचेचा प्रिंटर आणायचं मनावर घेतलं, तर खरेदीचा क्रम उलटा लावावा, असं मी म्हणेन. आधी निववणारी भट्टी घ्या. तापमान मिनिटामिनिटाला राखणारी, छोटी, आयटीआयच्या कार्यशाळेत मावेल अशी. तिच्यात बाटल्या कापून पेले करा, काचेचे पत्रे मऊ करून ताटल्या करा. बाहेर आलेली प्रत्येक वस्तू तपासा. तपासायला महाग उपकरण लागत नाही. संगणकाचा पडदा पूर्ण पांढरा करा. बहुतेक पडद्यांचा उजेड एकाच प्रतलात कंप पावणारा असतो. काच त्याच्यापुढे धरा आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर आडवा-उभा फिरवा. पडदा काळा पडेल त्या कोनात काचेकडे पाहा. जिथे ताण कोंडला असेल तिथे उजळ पट्टे दिसतील, ताण जास्त असेल तर इंद्रधनुष्याचे रंगही. नीट निवलेली काच त्या अंधारात दिसतच नाही.

हे रंग ओळखू लागलेली दहा-वीस मुलं तयार झाली की प्रिंटर मागवायला हरकत नाही. तळेगावने माणसं आधी घडवली म्हणून त्याचा वारसा त्या एका कारखान्यापुरता उरला नाही. यंत्र बोस्टनहून येईल, बंगळूरहून येईल, किंवा इथेच कुणी जोडेल. आराखडा तर इंटरनेटवरून क्षणात उतरेल. निववण्याची समज मात्र ज्याची त्याला, आपल्या भट्टीपाशी, काही काचा फोडूनच मिळवावी लागते.